वैतरणा उलटी फिरली तेव्हा

बसा, चहा टाकलाय. तो उकळेपर्यंत माझ्या फजितीची एक गोष्ट ऐका. आधीच सांगून ठेवतो, यात दोष दुसऱ्या कुणाचा नाही. मोबाईलचा नाही, नशिबाचा नाही, बायकोचा तर मुळीच नाही. जे झालं ते मी स्वतःच्या अकलेने आणि अगदी छातीठोकपणे घडवून आणलं. तरीही ती सकाळ आठवली की हसू नंतर येतं, आधी अंगावर काटा येतो.

तुम्हाला माहितीच आहे, नाशकात द्वारका चौकाजवळ माझं पंपाचं दुकान आहे. विहिरीची मोटर, बोअरची मोटर, पाइप, केबल, स्टार्टर, जे म्हणाल ते. उभं आयुष्य पाणी उचलण्यात गेलं. दुसऱ्याचं, म्हणजे. गिऱ्हाईक आलं की माझं एक ठरलेलं वाक्य असायचं: पाणी आपोआप फक्त खाली जातं, वर न्यायचं असेल तर माझ्याकडे यावं लागतं. गिऱ्हाईक हसायचं, मीही हसायचो, आणि मनातल्या मनात मला ते खरंच वाटायचं. पाण्याचं काही शिकायचं राहिलंय असं मला कधी वाटलंच नाही.

आमची प्राची भूशास्त्र शिकते. दगडांचं शास्त्र. लहानपणी हिच्या खिशातून दगड काढून काढून तिच्या आईचे हात दुखले, आता त्याचंच शिक्षण चाललंय. तर हिने आणि तिच्या मैत्रिणींनी मिळून एक वाट तयार केली. पायवाट नव्हे, खेळाची वाट. जिओकॅशिंग म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यातला 'कॅश' तेवढा माझ्या कानाने टिपला आणि मी खुर्ची पुढे ओढली. पण त्यात पैशाचा संबंध नाही. एखाद्या जागी छोटा डबा लपवायचा आणि ती जागा मोबाईलच्या नकाशावर टाकायची. लोकांनी शोधत यायचं, डबा उघडायचा, आत त्या जागेची माहिती असते ती वाचायची, आणि डबा होता तसा ठेवून पुढच्या ठिकाणी जायचं. बस. मी विचारलं, मिळतं काय? तर म्हणाली, बघायला मिळतं.

वाट कुठून कुठे, तर वैतरणेच्या उगमापासून मुखापर्यंत. आता नाशिकच्या माणसाला झोपेतून उठवून विचारा, त्र्यंबकच्या डोंगरात कुठली नदी उगम पावते? तो डोळे न उघडता गोदावरी म्हणेल. पण त्याच डोंगरांतून वैतरणाही निघते, हे मला या वयात पोरीकडून कळलं. दोघी बहिणींसारख्या. एक पूर्वेला निघाली ती पार बंगालच्या उपसागराला मिळाली, दुसरी पश्चिमेला उतरली आणि पालघरकडे खाडी होऊन अरबी समुद्रात गेली. माहेर एकच, सासरं देशाच्या दोन टोकांना.

सासर म्हटल्यावर मुद्द्यावर येतो. प्राचीचं लग्न ठरलं होतं. मुलगा पुण्यात नोकरीला, माणसं सटाण्याची. व्याही भाऊसाहेब कांद्याच्या व्यापारातले, उंच, मितभाषी. बोलायच्या आधी समोरच्याला कांद्यासारखं हातात घेऊन दाबून बघतात की काय असं वाटावं, अशी नजर. व्याहीण कमलताई त्यांच्या उलट, मोकळ्या, पण गुडघ्याने बेजार. सटाण्याकडे व्याह्याला 'याही' म्हणतात. भाऊसाहेब मला याहीच म्हणायचे, आणि तेही इतकं मोजून की प्रत्येक वेळी वाटायचं, आपण परीक्षेत पास झालो की नाही कोण जाणे.

प्राचीला ती वाट लोकांसाठी खुली करण्याआधी कुणाकडून तरी चालवून बघायची होती. दगडातलं ज्याला काही कळत नाही अशा माणसाला ते जमतं का, हे तिला पाहायचं होतं. अशी माणसं तिला घरातच सापडली. मी म्हटलं, भाऊसाहेबांनाही बोलावू, दोन दिवस एकत्र काढू, ओळख वाढेल. भाऊसाहेबांनी नुकतीच नवी पांढरी गाडी घेतली होती, ते लगेच तयार झाले. प्राची आदल्या दिवशीच एसटीने पुढे गेली. तिची अट एकच होती: मी सोबत नसणार, मोबाईलवर येईल ते नीट वाचायचं आणि तसंच करायचं.

नीट वाचायचं आणि तसंच करायचं. एवढंच. दुसरं काही नाही.

पहिल्या दिवशी आम्ही त्र्यंबकच्या बाजूला पहिल्या ठिकाणी पोचलो. समोर सरळसोट काळा कडा, पायथ्याशी दगडांचा खच. मोबाईल म्हणाला, जागा हीच. मी बाह्या सरसावल्या. भाऊसाहेबांना म्हटलं, तुम्ही डावीकडून बघा, मी उजवीकडून. एकेक दगड उचलायचा, खाली बघायचं, परत ठेवायचा. एका दगडाखालून विंचू निघाला, त्याला वाट दिली. भाऊसाहेबांच्या पांढऱ्या शर्टाची हळूहळू माती झाली. बायका झाडाखाली चिवडा खात आमच्याकडे बघत होत्या. शेवटी माझी बायको मंदा उठली, तिने माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि मी वाचलं नव्हतं ते खालचं वाक्य वाचून दाखवलं. "इथे डबा नाही. दगडाच्या ठिकाणी डबा नसतो, जागा हाच डबा. मान वर करा."

आम्ही मान वर केली.

मी त्या कड्याखालून शेकडो वेळा गेलो असेन. मोटरी पोचवायला, लग्नांना, दशक्रियेला. पण तो आडव्या थरांचा आहे हे मी कधी बघितलंच नव्हतं. एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखे काळे थर, आणि मध्ये मध्ये बारीक तांबड्या रेघा. मंदा पुढचं वाचत गेली. प्रत्येक काळा थर म्हणजे जमिनीतून वर आलेल्या लाव्ह्याचा एकेक पूर. आणि ती तांबडी रेघ म्हणजे दोन पुरांच्या मधला शांत काळ. इतका लांब, की दगडाची माती झाली. मग पुन्हा खालून आग आली आणि त्या मातीला भाजून पुढे गेली. असं कितीदा तरी.

भाऊसाहेब बराच वेळ वर बघत होते. टोपी पडेल म्हणून एका हाताने धरली होती. मग हळूच म्हणाले, "याही, आपण दगड उचलत होतो, आणि हा समोर उभा शे."

'शे' म्हणजे आहे. भाऊसाहेब भारावले की त्यांची अहिराणी बाहेर येते, हे मला तिथे कळलं. मला बरं वाटलं. म्हटलं, ओळख वाढतेय.

दिवसभर आम्ही वाटेतली ठिकाणं करत खाली उतरलो. घाट उतरला, हवा बदलली, अंगाला घाम चिकटायला लागला. रात्री पालघरला लॉजवर मुक्काम केला आणि सकाळी आवरून शेवटच्या ठिकाणाकडे निघालो. वैतरणेचं मुख. खाडी.

आता इथून माझी अक्कल कामाला लागते.

गाव संपलं, ताडांची रांग लागली आणि समोर ती खाडी उघडली. नदी म्हणून ओळखू येईना एवढी रुंद. पण पाणी कुठे? मधोमध एक पट्टा वाहत होता, शांतपणे समुद्राकडे. बाकी दोन्ही बाजूंना नुसती ओली वाळू आणि काळाभोर चिखल, लांबच लांब. उन्हाळा तोंडावर आलेला. मी मनात म्हटलं, आपल्याकडची नदी आटते तशी ही आटलीय. त्यात काय?

मोबाईलवर प्राचीची सूचना आली होती: गाडी वर ताडाखाली रस्त्यावर लावा, खाली उतरवू नका, मी बंदरापाशी थांबले आहे. बंदर तिथून जरा पुढे होतं. आणि जे ठिकाण गाठायचं ते होतं खाली, वाळूच्या टोकाशी असलेल्या काळ्या खडकावर. चालायचं म्हटलं तर बरंच अंतर. कमलताईंनी गाडीतून त्या वाळूकडे पाहिलं आणि गुडघ्यावर हात ठेवला. आता व्याहिणीने गुडघ्यावर हात ठेवला आणि मुलीच्या बापाने बघत बसावं, असं होतं का? रस्त्यावरून एक उतार थेट वाळूत गेला होता, वाळूवर ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसेही होते. मी उतरलो, टाच मारून बघितली. सिमेंटसारखी घट्ट.

"गाडी खाली घ्या, भाऊसाहेब," मी म्हणालो. "बिनधास्त."

भाऊसाहेबांनी प्राचीच्या सूचनेची आठवण करून दिली. नदीचं पात्र आहे म्हणाले, पाणी आलं तर? मी हसलो. अगदी दुकानात हसतो तसा. त्यांना समजावून सांगितलं की पाणी यायचं तर वरून यायला हवं. वर पाऊस नाही, आणि वरच्या अंगाला धरण आहे, ते सारं पाणी अडवून बसलंय. मग येणार कुठून? पोरगी काळजीपोटी लिहिते. पाण्यातलं मला विचारा.

भाऊसाहेबांनी मला पुन्हा एकदा दाबून बघितलं. आणि गाडी खाली घेतली.

जाता येईल तितकं पुढे गेलो. कमलताई म्हणाल्या, मी इथूनच बघते. मंदा त्यांच्या सोबतीला थांबली. मी नि भाऊसाहेब उतरून खडकाकडे चालू लागलो. गाडीची किल्ली गाडीतच होती, कमलताईंना गार हवा लागत होती म्हणून.

आणि काय सांगू तुम्हाला, तो चिखल जिवंत होता. लांबून नुसता काळा दिसतो, पण जवळ जावं तर जिकडे तिकडे हालचाल. नखाएवढे खेकडे, प्रत्येकाची एक नांगी अंगापेक्षा मोठी, आणि ती सगळे मिळून वरखाली करतायत, दारात उभं राहून पाहुण्यांना या या म्हणावं तशी. आम्ही जवळ गेलो की सगळे एकदम बिळात. थांबलो की पुन्हा वर. मग चिखलावरून काहीतरी टुणकन उडालं. मला बेडूक वाटला. भाऊसाहेब वाकून बघतात तर मासा. पाण्याबाहेर, चिखलावर, पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा बसलेला, डोळे डोक्यावर. निवटी म्हणतात त्याला, तिथल्या डब्यात लिहिलं होतं. तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही त्याच्याकडे. दोघांनाही एकमेकांचं नवल. मासा जमिनीवर चालतोय, आणि नाशिकचा पंपवाला खाडीत.

काठाने तिवरांची झाडी होती. खाऱ्या चिखलात उगवणारी झाडं. त्यांची मुळं जमिनीतून वर आलेली, पेन्सिली रोवल्यासारखी, हजारो. का, तर चिखलात हवा नाही म्हणून झाड मुळं वर काढून श्वास घेतं. हे वाचताना भाऊसाहेब माझ्या खांद्यावरून डोकावत होते. दोघेही चप्पल हातात घेऊन शाळेच्या सहलीला आलेल्या पोरांसारखे चाललो होतो. माझ्या मनात आलं, आता हा माणूस मला परका राहिला नाही.

खडकावर पोचलो. काळा, आपल्याकडचाच दगड. मोबाईलवर लिहिलंही होतं, काल वर पाहिलात त्याच लाव्ह्याचा हा भाऊबंद. हात लावून बघितला. कालचा कोरडा आणि तापलेला होता, हा थंड, ओला, शिंपल्यांनी खरबरीत झालेला. माहेरचा माणूस परगावी भेटावा तसं वाटलं.

मग शेवटचा प्रश्न आला. "इथे नदी कुठल्या दिशेने वाहते? बसा, घाई न करता बघा आणि मग उत्तर लिहा."

हा काय प्रश्न झाला? मी उभ्या उभ्या लिहिलं: पश्चिमेला, समुद्राकडे. त्यावर आणखी एक शहाणपणाची ओळ जोडली, नदी दुसरीकडे जाणार कुठे? आणि पाठवून दिलं.

भाऊसाहेब मात्र बसले. सांगितलंय ना बसा म्हणून, मग बसायचं. ते पाण्याकडे बघत राहिले. मधल्या पट्ट्यात नारळाची एक करवंटी समुद्राकडे चालली होती. तिचा वेग कमी झाला. मग ती एका जागी नुसती डुलत राहिली. सगळं पाणीच थांबलं होतं. इतकी मोठी नदी, आणि वाहायची थांबली. वाराही पडला होता. मला ती शांतता काही बरोबर वाटेना.

आणि ती करवंटी परत फिरली.

"याही," भाऊसाहेब म्हणाले, "हाई काय शे?"

मी सांगितलं, वारा असेल. पण वारा नव्हता. करवंटी आमच्यासमोरून मुकाट्याने नाशिकच्या दिशेला निघाली, आणि तिच्या मागे पानं, काटक्या, फेस, सगळं. आम्ही ज्या ओघळीवरून कोरड्या पायांनी आलो होतो तिच्यात चकाकी आली. मी मागे वळून गाडीकडे पाहिलं. गाडीच्या पलीकडे वाळू होती तिथे पाणी चमकत होतं.

माझ्या डोक्यात एकच शब्द आला. धरण.

नाशिकच्या माणसाला पाणी चढण्याचं एकच कारण माहीत असतं. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की गोदेचे रामकुंडावरचे घाट बघता बघता बुडतात, ते मी लहानपणापासून बघत आलोय. मी ओरडलो, वरून पाणी सोडलंय, पळा. थोड्या अंतरावर काही बायका चिखलात शिंपले वेचत होत्या, त्यांच्याकडे बघून हातवारे केले. त्यांनी शांतपणे टोपल्या उचलल्या आणि काठाकडे चालू लागल्या. मला केवढं समाधान वाटलं. म्हटलं, निदान या तरी आपल्यामुळे वाचल्या. त्या मी ओरडायच्या आधीच निघाल्या होत्या, हे नंतर कळलं.

पळता पळता मी बोराडेंना फोन लावला. बोराडे माझे जुने मित्र, पाटबंधाऱ्याच्या कामातून निवृत्त झालेले. मी धापा टाकत सांगितलं की वैतरणेचं धरण सोडलंय, व्याही बुडतायत, व्याहीण गाडीत आहे, तुमच्या ओळखीत कुणाला तरी सांगून आधी गेट बंद करा.

बोराडे गोंधळले. या दिवसांत कोण पाणी सोडेल, म्हणाले. मग त्यांनी नेमका प्रश्न विचारला, "पाणी येतंय कुठून?"

मी थांबलो. पहिल्यांदाच नीट बघितलं. फेसाची एक बारीक रेघ वाळूवरून सरकत आमच्याकडे येत होती. ती डोंगराकडून येत नव्हती.

"समुद्राकडून," मी म्हणालो.



"मग त्याचं गेट आमच्या खात्याकडे नाही," बोराडे म्हणाले. "भरती आहे ती. आधी बाहेर निघा, मग हसतो."

भरती. शब्द मला माहीत होता. शाळेत दोन मार्कांना लिहिलाही होता. पण भरती म्हणजे चौपाटीवर लाट जरा जास्त पुढे येते ती, असंच मी धरून चाललो होतो. समुद्र उठून नदीच्या घरात शिरतो आणि नदीला उलटं चालवतो, हे कुणी मला सांगितलं असतं तर मी त्याला विचारलं असतं, कितीची मोटर बसवलीय?

ओघळ आता गुडघाभर झाली होती. भाऊसाहेबांनी माझा हात धरला, मी त्यांचा. मध्ये त्यांचा पाय चिखलात रुतला, मी ओढला, ते वर आले आणि त्यांची हातातली कोल्हापुरी चप्पल सुटून नाशिककडे निघाली. दोघेही कमरेपर्यंत काळे. कसेबसे त्या वाळूवर आलो जिथे गाडी उभी केली होती.

गाडी नव्हती.

तिथे पाणी होतं. संथ, स्वच्छ, वर चढत जाणारं पाणी. चाकांचे ठसेसुद्धा नाहीत. भाऊसाहेब जागच्या जागी खाली बसले, पाण्यातच. त्यांच्या तोंडून फक्त "कमल" एवढंच आलं.  हसू नका, त्या क्षणी मला गाडी आठवली नाही, लग्न आठवलं नाही. मंदाने सकाळी चहात माझ्यासाठी साखर कमी घातली होती तेवढंच आठवलं. आणि आपल्याला पाण्यातलं कळतं म्हणून आपण हे केलं, ते आठवलं.

तेवढ्यात वरून हॉर्न वाजला.

वर, ताडांच्या रांगेखाली, प्राचीने सांगितलं होतं नेमकं तिथे, पांढरी गाडी उभी होती. चालकाच्या जागेवर कमलताई. शेजारी मंदा, तोंडात चिवडा. मागे बंदराकडून धावत आलेली प्राची, फोन कानाला, माझा लागत नव्हता म्हणून. कमलताईंना गाडी चालवता येते हे भाऊसाहेबांनी आम्हाला कधी सांगितलं नव्हतं, कारण ते त्यांना चालवायला देत नसत. गुडघ्यामुळे, असं त्यांचं म्हणणं. त्या शांतपणे म्हणाल्या, "पाणी जवळ यायला लागलं, म्हणून हलले. त्यात विचारायचं काय?"

भाऊसाहेब गाडीपाशी गेले, बॉनेटवर हात ठेवला, मग बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी मान खाली घातली. मनातल्या मनात मांडव उतरवून ठेवला.

 प्राचीने आमचे अवतार बघितले, पाण्याच्या बाटल्या दिल्या आणि म्हणाली, शेवटचं ठिकाण अजून झालेलं नाही, प्रश्नाचं उत्तर चुकलंय. चला, बसून बघू.

आम्ही पाचही जण ताडाखाली बसलो. समोर सगळी खाडी भरत होती. आवाज नाही, घाई नाही. खेकड्यांची घरं गेली, आमच्या पायांचे ठसे गेले, तिवरांची ती पेन्सिलीसारखी मुळं एकेक करून पाण्याखाली गेली. तो काळा खडक हळूहळू लहान होत नाहीसा झाला. मघाशी जिथे मी उभा राहून उत्तर लिहिलं होतं, तिथून आता बगळे उडत होते. एवढं पाणी, क्षितिजापासून क्षितिजापर्यंत, चढावर चाललं होतं. पाइप नाही, वीज नाही, घरघर नाही. मी आयुष्यभर विकलेल्या सगळ्या मोटरी एका जागी लावल्या असत्या तरी त्या खाडीचा एक कोपरा हलला नसता.

"हे उचलतं कोण?" मी विचारलं. खरंच विचारलं. पोरीला, लहान मुलासारखं.

प्राचीने समुद्राकडे बोट केलं. पौर्णिमा होऊन तीन-चार दिवस झाले होते. क्षितिजाच्या थोडा वर, सकाळच्या आभाळात, पुसट, पाणी मारलेल्या दुधासारखा चंद्र होता. मावळायला टेकलेला.

"मुख्यतः तो," ती म्हणाली.

 तो एवढासा, तिथून, काही न जोडता, ही सगळी नदी मागे सारतो. रोज. मी दुकानात शटर ओढून बसलेला असतो तेव्हाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू.

बऱ्याच वेळाने भाऊसाहेबांनी घसा खाकरला. मला वाटलं, आता येतं ते. ते म्हणाले, "याही, आमच्याकडचा माणूस पाहुण्याला जेवू घालतो, पाटावर बसवतो. तुम्ही लेकीच्या सासऱ्याला एवढं दाखवलं. चप्पल गेली ते जाऊ द्या." आणि मग कमलताईंना म्हणाले की परतीला गाडी तूच चालव. गाडी घाट चढून नाशिकपर्यंत त्यांनीच आणली. भाऊसाहेब मागे माझ्याशेजारी अनवाणी बसले आणि वाटेतले कडे दाखवत राहिले.

लग्न छान झालं, तुम्ही जेवून गेलात सगळे.

पण माणूस त्या सकाळमधून लवकर बाहेर येत नाही हो. दुकानात परतल्यावर काही दिवस माझं लक्षच नव्हतं. अशात एक दिवस विंचूरकडचा एक शेतकरी आला. बाकड्यावर टेकला आणि म्हणाला, "शेठ, सगळ्यात जबर पाणी उचलणारी मोटर कोणती हाय?"

मी दारातून बाहेर बघत होतो. तोंडातून निघून गेलं, "चंद्र."

"चंद्रा? नवीन निघाली का?"

आता यावर मी हसून विषय बदलायला हवा होता की नाही? पण मी आपल्याच तंद्रीत. सांगत सुटलो की लाईट लागत नाही, आवाज नाही, दिवसातून दोनदा आपोआप चालू होते, आणि जन्मात कधी जळाल्याचं ऐकलं नाही. शेतकरी बाकड्यावरून उठून जवळ आला. लय भारी, म्हणाला, द्या एक. तेव्हा मी भानावर आलो. म्हटलं, अहो, ती विकत मिळत नाही. त्याला वाटलं, शेठ माल दाबून ठेवतोय. तो तरातरा समोरच्या दुकानात गेला.

संध्याकाळी समोरचा दुकानदार माझ्याकडे आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा गोड हसत, स्वतः चहा घेऊन. म्हणाला, सकाळी तुमच्याकडचं एक गिऱ्हाईक आलं होतं, त्याला शेवटचा पीस म्हणून माझ्याकडचीच एक मोटर देऊन टाकली, पण आता त्याच्या भावकीतल्या चौघांना तीच हवी आहे.

मग त्याने खुर्ची माझ्याजवळ सरकवली आणि आवाज खाली आणून विचारलं, "शेठ, आपल्यात काय लपवायचं? या चंद्रावाल्यांची एजन्सी नाशिकमध्ये कुणाकडे आहे?"